जिलानीमामूंचा हिरवा रुमाल

लातुरात नव्वदीच्या आगेमागे ज्यांनी बारावी सायन्स केली, त्यांना केमिस्ट्री कोणी शिकवली असं विचारलं, तर ते एखाद्या सरांचं नाव घेतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. फळ्यावरची केमिस्ट्री सरांची. टेबलावरची, म्हणजे जिथं बोटं भाजतात, नाक झोंबतं आणि एप्रनला भोकं पडतात ती, जिलानीमामूंची.

मामू एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी, तेही उर्दूतून. घराणं रंगाऱ्यांचं. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत बाप-आजा लुगडी आणि पागोटी रंगवायचे. पुढं गिरणीचा रंगीत माल बाजारात आला, हौद कोरडे पडले आणि ओळखीच्या एका वकिलानं जिलानीला कॉलेजात चिकटवून दिलं. रंगाऱ्याच्या पोराला प्रयोगशाळा काही परकी वाटली नाही. तिथंही रंगच होते, फक्त काचेच्या नळीत आणि बोटभर. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. बाटल्यांवरची अक्षरं ते आकारावरून ओळखायचे, जत्रेत आपलं माणूस पाठमोरं असलं तरी चालीवरून ओळखावं तसं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून चुकीची बाटली टेबलावर गेली नाही, हे सर लोकही कबूल करत. घरी मात्र या विद्येला कवडीची किंमत नव्हती. वायू तयार करायच्या किपच्या उपकरणापाशी दिवसभर उभा राहिलेला माणूस सडक्या अंड्याचा वास घेऊन घरी येतो. बेगमबी नवऱ्याला उंबऱ्यातच अडवायची आणि आधी न्हाणीची वाट दाखवायची.

आता मामूंच्या खुणांचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक क्षार मिळतो. नंबर टाकलेली बाटली आणि तिच्यात चिमूटभर पूड. ती कशाची, हे पोरांनी शोधून काढून लिहायचं. आदल्या दिवशी बाटल्या भरायच्या त्या मामूंनी, त्यामुळं कोणत्या नंबरात काय आहे ते सरांना ठाऊक आणि मामूंना ठाऊक. आणि मामूंचं काळीज लोण्याचं. एखादं पोरगं रडकुंडीला आलं की ते पाणी ठेवायच्या निमित्तानं त्याच्या टेबलाशी जायचे. तांब्याचा क्षार असला की बोटातली तांब्याची अंगठी फिरवायचे. लोखंड असलं की किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे. स्ट्रॉन्शियम ज्योतीला लाल करतं, म्हणून त्याला पानानं रंगलेले ओठ पुसायचे. बेरियमची ज्योत हिरवी, म्हणून त्याला खांद्यावरच्या हिरव्या रुमालानं तोंड पुसायचे. या खुणा एक बॅच दुसरीला देऊन जायची, जुन्या नोट्स द्याव्यात तशा. बाहेरगावचा परीक्षक तेवढ्यापुरता खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड बघत राहायचा, कारण त्याच्याही कॉलेजात असा एक मामू होताच. ही चोरी होती का? होती की. पण खपत होती, आणि खपतंय तोवर आपल्याकडं कोण विचारतो?

प्रयागा या कॉलेजात आली ती ब्याण्णव साली. किल्लारीच्या अलीकडच्या एका खेड्यातली लिंगायताची पोर. बाप नागप्पा तिला वसतिगृहात सोडायला आला, तेव्हा पोरगी काय शिकणार ते बघायचं म्हणून थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. सर तासावर होते. मामूंनीच त्याला आत घेतलं, मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया सोडला आणि ती गडद निळाई दाखवली. नागप्पा नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. मग आपल्या चौथी पास अक्षरात त्यानं पोरीच्या जर्नलच्या खाकी पुठ्ठ्यावर तिचं नाव घातलं आणि पेन खिशाला लावता लावता मामूंना म्हणाला, पोरगी तुमच्या हवाली. डॉक्टर झाली तर गावातली पयली.

पोरगी हुशार निघाली. एरवीच्या सरावातही तिला मामूंकडं बघावं लागायचं नाही. तिचा क्षार सगळ्यांच्या आधी सापडायचा, आणि सापडला की ती जर्नलमध्ये एकदाच लिहायची, खाडाखोड न करता. मामू घरी जाऊन तिचं कौतुक सांगायचे. बेगमबी म्हणायची, स्वतःच्या लेकरांच्या प्रगतिपुस्तकावर न बघता सही ठोकून मोकळे होता आणि दुसऱ्याच्या पोरीचे मार्क तोंडपाठ.

त्र्याण्णवच्या गणपती विसर्जनाला प्रयागा गावी गेली नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिच्या बॅचची प्रॅक्टिकलची पाळी होती. ती चुकवायची नाही म्हणून राहिली. पहाटे लातूर हललं. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली आणि उजाडल्यावर पुन्हा घरात शिरली. आठच्या सुमाराला प्रयागा एप्रन आणि जर्नल घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी होती, प्रॅक्टिकल होणार का ते विचारायला. तोवर मामूंच्या कानावर आलं होतं, किल्लारीकडं काही राहिलं नाही म्हणून. त्यांनी किल्ल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि तिला घेऊन मिळेल त्या टेम्पोत बसले.

तिथं गाव नव्हतं. दगड होते, माती होती आणि पाऊस होता. नागप्पा, आई केवळाबाई आणि धाकटा भाऊ, तिघंही दुसऱ्या दिवशी सापडले. लिंगायतांत माणसाला मातीत बसवून निरोप देतात. पण इतके खड्डे खणायला हात कुठून आणायचे? दारं, चौकटी, तुळया, जे हाताला लागेल ते रचलं गेलं आणि कोण कुठल्या जातीचं हे न विचारता सगळ्यांना एकत्र अग्नी दिला गेला. मामूंनी प्रयागाचं तोंड आपल्याकडं वळवलं. तिनं ते पुन्हा आगीकडं वळवलं आणि शेवटपर्यंत बघत राहिली. मामू जन्मभर सांगायचे की त्या दिवशी पोरगी रडली नाही.

दिवाळीपर्यंत ती मामूंच्याच घरी होती. बेगमबीनं तिच्यासाठी वेगळी चूल मांडली आणि वेगळं भांडं ठेवलं, लिंगायताची पोर म्हणून. चार दिवसांनी प्रयागानंच ते भांडं मोडीत काढलं. मग कॉलेज सुरू झालं. वर्गात ती पूर्वीसारखीच पुढच्या बाकावर बसायची. पण प्रयोगशाळेत बर्नर पेटला की उठून बाहेर जायची. सर वैतागले, मग गप्प बसले. बिनज्योतीची बारावीची केमिस्ट्री म्हणजे बिनतव्याची भाकरी. एक दिवस मामूंनी तिला व्हरांड्यात गाठलं. ती म्हणाली, "मामू, कोनतीबी आग बघितली तरी मला तीच लाल दिसायलीय. खरी कोनती अन् माझ्या डोळ्यातली कोनती, कळंना झालंय."

यावर मामूंनी जे केलं ते कोणत्याही सरांना सुचलं नसतं. कॉलेज सुटल्यावर रोज दुपारी ते तिला तासभर थांबवून घेऊ लागले. पहिले आठ दिवस फक्त काडी. ओढायची, बघायची, विझवायची. मग स्पिरिटचा दिवा. मग बर्नर, तोही त्यांनी स्वतः पेटवायचा आणि तिनं दारातून बघायचं. दर दोन दिवसांनी एक पाऊल पुढं. घाई नाही, उपदेश नाही. एकदाच ते बोलले: "बेटा, तिकडची आग जाळत होती. ही आग जाळायला नाही. ही बोलायला आहे. काय विचारशील ते खरं सांगती, कुणाची भीड ठेवत नाही." पौषाच्या थंडीत प्रयागानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं प्लॅटिनमची तार ज्योतीत धरली. तांबं होतं. ज्योत हिरवी-निळी झाली. तिनं मामूंकडं न बघता तसं लिहिलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून ती जी रडली, ती संध्याकाळपर्यंत.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत प्रॅक्टिकल आलं आणि त्यातच रमजान. मामूंचे रोजे चालू. तोंडात पान नाही, पाण्याचा थेंब नाही. आदल्या दिवशी प्रयागा त्यांच्याकडं आली आणि म्हणाली, उद्या मला खूण करू नका, मला येतं. मला माझ्या डोळ्यानं बघायचंय. मामूंनी कानाच्या पाळीला हात लावून कबूल केलं. मनातून ते इतके खूश झाले की इफ्तारीला बेगमबीनं दोनदा विचारलं, आज काय घबाड मिळालं?

तिच्या वाट्याला आली सतरा नंबरची बाटली. आत स्ट्रॉन्शियम, मामूंनी स्वतः भरलेलं. दीड तास ते तिच्या टेबलाकडं फिरकले नाहीत. इतर तीन पोरांना अंगठी आणि किल्ल्या दाखवून झाल्या. मग ज्योतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना राहवेना. ते तिच्या टेबलापासून दोन हातांवर जाऊन उभे राहिले. खूण करायची नव्हतीच. त्यांना फक्त बघायचं होतं.

प्रयागानं तार आम्लात बुडवली, पुडीला टेकवली आणि ज्योतीत धरली. ज्योत लालभडक झाली. तीच लाल, जिला ती पाच महिने भीत होती. तिनं मान वळवली नाही. डोळे मिटले नाहीत. पुरती विझेपर्यंत ती बघत राहिली आणि मग खाली वाकून कागदावर तिनं बरोबर लिहिलं. जिलानीमामूंना भरून आलं. चार लेकरांचा बाप, दाढी पिकायला लागलेली, आणि भर परीक्षेत डोळे गळायला लागले. परीक्षक बघेल म्हणून त्यांनी घाईघाईनं खांद्यावरचा रुमाल ओढला आणि तोंड पुसलं.

रुमाल हिरवा होता.

नेमक्या त्याच क्षणी प्रयागानं मान वर केली. पुढं काय झालं ते मामूंना तेव्हा कळलं नाही. ती खाली वाकून काही खोडते आहे एवढं त्यांना दिसलं, पण परीक्षेत खाडाखोड कोण करत नाही? ते पुढच्या टेबलाकडं गेले. वेळ संपली. पेपर गोळा करायचं काम त्यांचंच. कागद देताना प्रयागा त्यांच्या जवळ झाली आणि हळूच म्हणाली, "नको म्हनलं तरी केलं न्हवं का तुमी? बरं झालं मामू. माझे डोळे पुन्हा फसलेच होते."

ती गेल्यावर मामूंनी कागदाकडं बघितलं. इंग्रजी येत नसलं तरी ती दोन अक्षरं ते जन्मात विसरणार नव्हते. स्ट्रॉन्शियमचं पहिलं अक्षर म्हणजे वळलेला साप. बेरियमचं म्हणजे दोन पोटांचं. कागदावर सापावर आडवी रेघ होती आणि पुढं ठळक, दाबून काढलेली दोन पोटं.

परीक्षक दहा पावलांवर बसला होता. खुर्ची मागं टेकवून तो पाणी पीत होता. मामूंच्या हातात कागदांचा गठ्ठा. दहा पावलांत सांगता आलं असतं, साहेब, हिचं बरोबर होतं, मी रडलो म्हणून चुकलं. पण मग खुणा सांगाव्या लागल्या असत्या. खुणा सांगितल्या की नोकरी गेली, सरांची मान गेली, सगळ्या बॅचचं प्रॅक्टिकल रद्द. घरात चार लेकरं. मामूंनी दहा पावलं टाकली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. परीक्षक थँक्यू म्हणाला. त्या दिवशी मगरिबच्या अजानीनंतर बेगमबीनं रोजा सोडायला खजूर हातात दिला, तो तसाच हातात राहिला. हिरवा रुमाल त्यांनी ट्रंकेत तळाशी टाकला आणि पुन्हा कधी खांद्यावर रुमाल घेतला नाही. बेगमबीनं विचारलं तर म्हणाले, गरम होतं.

त्या वेळी मेडिकलला प्रवेश बारावीच्याच मार्कांवर मिळायचा. जूनमध्ये निकाल लागला, जुलैत नांदेडच्या कॉलेजची यादी लागली आणि प्रयागाच्या वर दोन मार्कांवर बंद झाली. दोन मार्क. सर म्हणाले, फिजिक्सनं घात केला असेल. प्रयागानं मान डोलावली. रेघ मारलेल्या त्या सापाचे किती मार्क गेले ते मामूंना नेमकं ठाऊक होतं. गेलेले मार्क चार होते.

पुढचं थोडक्यात. प्रयागा नांदेडला औषधनिर्माणाचा डिप्लोमा करायला गेली. भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर तिला सरकारी नोकरी लागली आणि ती मुखेडच्या दवाखान्यात औषधं द्यायला बसली. लग्न केलं नाही. सरकारनं नव्या गावठाणात बांधून दिलेलं घर कुलपातच राहिलं. मुखेडला तिची ख्याती अशी की बाई चिठ्ठी तीनदा वाचते, पुडकं तीनदा उलटसुलट करते आणि तरी शेजारच्या नर्सला दाखवल्याशिवाय गोळी कुणाच्या हातावर ठेवत नाही. रांगेतली माणसं कुरकुरायची, पण म्हणायची, बाईचा हात खात्रीचा हाय. वरच्या जागेसाठी तिचं नाव दोनदा निघालं. दोन्ही वेळा तिनं नको म्हणून लिहून दिलं. तिथं शेवटची सही एकट्याची असते.

आणि दरवर्षी ईदला ती लातूरला यायची. सकाळच्या गाडीनं निघायची, दुपारी जेवायची, शीरखुर्म्याची वाटी पुसून खायची आणि परतायची. जगात तिला जायला तेवढंच एक घर होतं. बरोबर एका पिशवीत ते जुनं जर्नल असायचं, बापाच्या अक्षरातलं नाव असलेलं. मामूंच्या सुना-नातवंडांना ती दरवर्षी तीच गोष्ट सांगायची: परीक्षेत माझे डोळे फसले होते, मामूंनी वाचवलं, न्हाईतर नापासच झाले असते. सगळे कौतुकानं मामूंकडं बघायचे. मामू वाटी हातात घेऊन जमिनीकडं बघायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

सांगायचं त्यांनी दरवर्षी ठरवलं. पहिल्या वर्षी वाटलं, जखम ओली आहे. पाचव्या वर्षी वाटलं, आता सावरली आहे, कशाला उकरा. पंधराव्या वर्षी बेगमबी गेली, आणि मय्यतीला आलेली प्रयागा सख्ख्या लेकीसारखी दारात बसलेली बघून वाटलं, आता ही तरी राहू दे. माणसाला न सांगायला कारणांची कमी पडत नाही.

दरम्यान लातूरचं रूप पालटलं. गल्लोगल्ली क्लास, क्लासांवर क्लास, आणि प्रत्येक खांबावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. मेडिकलला वेगळी परीक्षा आली. बारावीचं प्रॅक्टिकल उरलं ते नावाला. मामू निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेला वर्षातून चार दिवस कुलूप निघत असे. पोरं क्लासात असायची, जर्नलं पैसे देऊन लिहून घेतली जायची, आणि मार्क सगळ्यांना पैकीच्या पैकी, प्रसाद वाटावा तसे. ज्या चार मार्कांनी एका पोरीचा जन्म फिरवला, ते चार मार्क आता कुणी मोजतसुद्धा नव्हतं. मामू हे ऐकायचे आणि त्यांना हसावं का रडावं कळायचं नाही.

मामूंची नात अलीझा अशाच एका क्लासात होती. दोनशे पोरांचा थंडगार हॉल. केमिस्ट्री शिकत होती, पण बर्नर उभ्या जन्मात बघितला नव्हता. अठरा सालच्या ईदला प्रयागा आली तेव्हा अलीझा कोपऱ्यात बसून ज्योतींचे रंग पाठ करत होती. स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवा. शबाना, म्हणजे मामूंची सून, आत शेवया परतत होती. प्रयागानं चष्मा वर केला, अलीझाचं पुस्तक हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, पाठ कर, पण आपल्या डोळ्यावर कधी भरवसा ठेवू नको. डोळे फसवतात. कुणातरी जाणत्याला विचारल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

सतरा वर्षांच्या त्या पोरीनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि वहीच्या कडेला ते लिहून घेतलं.

मामूंच्यानं ते बघवलं नाही. एका पोरीच्या डोळ्यांवरचा भरवसा आपण घालवला, ती आता तो दुसरीच्या डोळ्यांवरून काढून घेत होती, आणि तेही मायेनं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"प्रयागा, तुझी ज्योत लाल होती," ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. सतरा नंबरची बाटली, स्ट्रॉन्शियम, दोन हातांवरून बघणं, डोळे भरून येणं, रुमाल. दहा पावलंही सांगितली, आणि त्या दहा पावलांत आपण काय हिशोब केला तोही. काही राखून ठेवलं नाही. सांगताना त्यांचा आवाज लहान पोरासारखा होत गेला. शबाना कढई तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजे माझं बरोबर होतं," प्रयागा म्हणाली.

"बरोबर होतं, बेटा."

"अन् तुमी खूण केलीच न्हवती."

"नव्हती. मी रडत होतो. तू बघितलंस म्हणून रडत होतो."

प्रयागानं पिशवीतल्या जर्नलवर हात ठेवला. नागप्पाचं अक्षर तिच्या बोटांखाली होतं. ती रागावेल, ओरडेल, याची तयारी मामूंनी चोवीस वर्षं केली होती. मार्कांचं, मेडिकलचं, नांदेडच्या यादीचं ती काहीतरी बोलेल असं त्यांना वाटत होतं.

"मला वाटलं, ती लाल माझ्या डोळ्यातली होती," ती म्हणाली. "चोवीस वरसं मला वाटलं, त्या दिवशी माझे डोळे बी तिकडंच जळून गेले. रोज सकाळी दवाखान्याचं दार उघडताना वाटलं. मामू, दोन मार्कांचं जाऊ द्या. एवढं एक वाक्य तुमाला सांगता आलं नसतं? दरसाल ईदला मी हितं बसून तुमचे आभार मानत होते, अन् तुमी मला वाढत होता."

मामूंनी हात जोडले. तिनं ते खाली घेतले, हळूच, आजाऱ्याचे हात घ्यावेत तसे, आणि उठली. वाटीतला शीरखुर्मा अर्धाच राहिला होता. शबाना म्हणाली, ताई, तेवढा तरी संपवा. प्रयागा म्हणाली, गाडीची वेळ झाली. गाडीला अजून दोन तास होते.

अलीझा तिला स्टँडवर सोडून आली. परत येऊन तिनं एवढंच सांगितलं: गाडीत चढताना प्रयागाफुफींनी तिची वही मागून घेतली, कडेला लिहिलेलं ते वाक्य खोडलं आणि म्हणाल्या, लाल दिसलं तर लाल लिही, कुणाच्या तोंडाकडं बघू नको.

पुढच्या ईदला प्रयागा आली नाही. फोन केला तर उचलला, तब्येत विचारली, सगळ्यांची नावं घेऊन विचारली, आणि यायचं जमणार नाही म्हणाली. त्याच्या पुढच्या ईदला तर कोरोनापायी सगळंच बंद होतं, आणि त्यानंतर तिनं येण्याचा विषय कधी काढला नाही. शबाना अजूनही एक वाटी झाकून ठेवते. मुखेडची दुपारची गाडी येऊन गेली की मामू स्वतःच म्हणतात, उचल.

परवा शेजारच्या पारूबाई आल्या होत्या. त्यांची लेक मुखेडला दिली आहे. तिच्या बाळंतपणाला जाऊन आल्या, दवाखान्यात चार खेपा झाल्या, तिथल्या गोष्टी सांगत बसल्या. मामूंनी उगीच विचारावं तसं विचारलं, तिथं औषध द्यायला एक बाई असते, ती कशी काय आहे?

"लई तरबेज बाई हाय," पारूबाई म्हणाल्या. "एकदा चिठ्ठी बघती अन् देती. कुनाला इचारत न्हाई. रांग कशी ती दिसत न्हाई तिच्यापुढं."

एकदा बघती, असं मामू स्वतःशीच म्हणाले. मग त्यांचे डोळे गळायला लागले आणि सवयीनं हात खांद्यावर गेला. खांद्यावर काही नव्हतं. ते तसेच बसून राहिले, तोंड न पुसता, कुणीही बघितलं तरी चालेल असे.